पाणी दिलं, दार नाही

मी एक तांब्या. भांडं बोलतंय म्हणून दचकू नका, पण एकदम जवळही येऊ नका. आधी नाव सांगा, गाव सांगा, काय काम काढलंत ते सांगा. राग आला? येऊ द्या. वडगावात आता सगळेच असं विचारतात.

स्वभाव माझा पहिल्यापासून थोडा संशयी आहे, हे कबूल. त्याला कारण माझं पोट. ते गोल आणि घासूनपुसून लख्ख. जो कोणी समोर येतो त्याचा चेहरा माझ्यावर वाकडाच उमटतो. नाक हे एवढं, डोळे कानापाशी. मला आजवर एकही माणूस सरळ दिसलेला नाही. आता सांगा, विश्वास टाकायचा कसा?

जन्म माझा निपाणीचा. एका तांबटाने तांब्याचा पत्रा तापवून ठोकला, मठारला, गळ्याला काठ वळवला आणि आतून कल्हई केली. दुकानात घागरी होत्या, हंडे होते. पण परक्याच्या ओठाला लागायचा मान आमचा, म्हणून मी जरा तोऱ्यातच असायचो. मला विकत घेतलं नागोजींनी. ते तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, आणि बोट लावतील त्या वस्तूला जर्द्याचा वास लागायचा. लेकीच्या लग्नात द्यायला त्यांनी मला घेतलं, माझ्यावर तिचं नाव घातलं, आणि मी जयाबाईबरोबर बेळगावला वडगावात आलो.

जयाबाईचा नवरा तम्मण्णा विणकर. घर लहान, विणकरांच्या गल्लीतलं, पुढच्याच खोलीत खड्ड्याचा माग. तम्मण्णा खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि साड्या विणायचा. जयाबाई दाराशी बसून चरख्यावर सूत गुंडाळून कांड्या भरायची. दिवसभर खटक-खटक चालायची. जरा थांबली की शेजारचा भावकू भिंतीपलीकडून ओरडायचा, "काय रं तम्मण्णा, सूत संपलं का तूच संपलास?" भावकूचाही मागच होता. दोन घरांत भिंत एक, तीही मातीची. इकडचं बोलणं तिकडे आणि तिकडचं इकडे.

जयाबाईच्या घरात एक नेम होता. दारात कोणी आलं की ती कांडी टाकून उठायची. आधी मला भरून पाय धुवायला पाणी, मग पुन्हा विसळून, भरून प्यायला पाणी, आणि पितळी वाटीत गुळाचा खडा. माणूस मराठी बोलणारा असला तर "या, बसा", कानडी बोलणारा असला तर "बर्री, कुंदर्री". कोण, कशाला, हे नंतर. पाणी पोटात गेल्याशिवाय काम विचारायचं नाही, असं निपाणीला तिच्या आईने शिकवलेलं. दारात आलेल्या प्रत्येकाला पाणी, असं ती अभिमानाने सांगायची. या "प्रत्येकात" कोण कोण बसत होतं ते पुढे कोर्टात निघालं. तोवर मीही तिच्याइतकाच फुगलेला होतो.

मग आणीबाणी आली. मला आधी ती कळलीच नाही. पाणी तेच होतं. एवढंच जाणवलं की कट्ट्यावर बसणारी माणसं पाणी पिऊन लगेच उठायला लागली. पूर्वी तासभर सरकार, सूत, भाव यांवर भांडायची. आता एक घोट, एक खडा, आणि "चलतो". सभा भरवायला बंदी होती. पण सुताचे भाव तर चढतच होते, आणि विणकरांचे माग बंद पडत होते. तम्मण्णा आणि आणखी चार विणकरांनी एक पत्रक काढलं. ठरलेल्या भावाने सूत मिळावं एवढंच मागणं होतं. खाली शेवटी तम्मण्णाने आपल्या हाताने एक ओळ घातली होती: "आम्हाला बोलू द्या." त्या पत्रकांचं गाठोडं त्याने मागाच्या खड्ड्यात, आपल्या पायांखाली ठेवलं.

"हितं कोण बघतंय," तो जयाबाईला म्हणाला.

"भित हाय की बघायला," ती भावकूच्या भिंतीकडे हात करून म्हणाली. दोघंही हसली.

श्रावणातली दुपार होती. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. फौजदार, दोन शिपाई, आणि मागून दोन माणसं, त्यांच्या हातात काहीच नव्हतं. पुढे कळलं, ते पंच. गल्लीतले नव्हते. पोलिसांच्या प्रत्येक पंचनाम्यावर याच दोघांच्या सह्या असायच्या म्हणे. फौजदार दारात येऊन उभा राहिला. आत तम्मण्णा मागावर बसलेला, पायांखाली गाठोडं. तो विणत राहिला, पण हात चुकत होता, ते मला आवाजावरून कळलं.

आणि जयाबाई उठली. भीती वाटली नसेल असं नाही. पण तिचे पाय सवयीने पाण्याच्या घागरीकडे गेले. तिने मला बुडवलं, बाहेर आली आणि म्हणाली, "बर्री, कुंदर्री."

फौजदाराने बूट काढले नाहीत, हात पुढे केले. तिने पाणी ओतलं. मग प्यायला दिलं. त्याने मान वर करून मला उंच धरलं आणि घटघट पाणी घेतलं. त्याच्या मिशा माझ्यात वाकड्या दिसत होत्या. इतरांसारख्याच. गुळाचा खडा त्याने खाल्ला, बोटं रुमालाला पुसली, मला उंबऱ्यावर ठेवलं, आणि मला ओलांडून आत गेला.

"ऊठ," तो तम्मण्णाला म्हणाला.

तम्मण्णा उठला नाही. मग शिपायांनी त्याला काखेत धरून उचललं आणि खड्ड्यातून गाठोडं निघालं. वॉरंट होतं का, कुणी विचारलं नाही. वॉरंट नावाची वस्तू असते हे त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणाला ठाऊकही नव्हतं. विणलेली अर्धी साडी मागावर तशीच राहिली आणि तम्मण्णाला जीपमध्ये बसवलं. जयाबाई दारात उभी. मी रिकामा, तिच्या पायापाशी.

त्या दिवसापासून गल्लीत एकच प्रश्न. सांगितलं कुणी? खड्ड्यात गाठोडं आहे हे फौजदाराला आधीच कसं कळलं? जयाबाई भावकूकडे बघायची नाही. भावकू भिंतीपलीकडून काही ओरडायचा नाही. त्याची बायको मालुबाई भाकरी घेऊन आली तर जयाबाईने ती घेतली, पण खाल्ली नाही. कोणी सांगितलं ते आजतागायत कळलेलं नाही. माझा संशय भावकूवरच आहे. पुरावा विचाराल तर एकही नाही. पण पुरावा नसताना संशय घ्यायचा हे मी कुणाकडून शिकलो ते तुम्हीच ठरवा.

वकील मिळाले ते यल्लाप्पा कांबळे. खासबागेत राहायचे, सायकलवरून यायचे, काळा कोट पिशवीत घडी करून. त्यांचे वडील निपाणीला बिड्या वळायचे आणि घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली मुलाला अभ्यासाला बसवायचे, हे जयाबाईला नागोजींनी सांगितलेलं. पैशाचं बोलणं काढलं तर कांबळे कानावर हात ठेवायचे. पहिल्या दिवशी जयाबाईने त्यांना माझ्यातून पाणी दिलं. त्यांनी मला हातात घेतलं, आणि प्यायच्या आधी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, हा माणूस वकील आहे का भांडी मोडीत घेणारा? नंतर त्यांनी सावकाश पाणी घेतलं आणि मला दोन्ही हातांनी खाली ठेवलं.

"आक्का, घर म्हंजे काय उघडं मैदान न्हाय," ते म्हणाले. "आत यायला वॉरंट पायजे. ते नसलं तर आत शिरायच्या आधी कारण कागदावर लिहायला पायजे. पंच म्हणून ह्या गल्लीतली दोन माणसं पायजेत. ह्यांनी ह्यातलं काय बी केलेलं न्हाय."

"मग सुटतील ह्ये?"

"तसं न्हाय. झडती चुकीची असली तरी सापडल्याली वस्तू पुराव्यातनं जात न्हाय, असं दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं मागंच ठरवून ठेवलंय. पण झडती चुकीची हुती, एवढं तरी ह्या कोर्टानं म्हणू दे. म्हटलं तर शिक्षा कमी व्हायला जागा ऱ्हाते. आणि उद्या दुसऱ्याच्या घरात शिरताना पोलिसाचा पाय जरा अडखळतो."

मग त्यांनी तिला काय सांगायचं ते समजावलं. न विचारता आत आले, एवढंच.

"पर मी या म्हटलं की."

"भ्यालता, म्हणून म्हटलं."

"भ्याले न्हवते मी," जयाबाई म्हणाली. "दारात आल्यावर पाणी द्यायचं त्यात भ्यायचं काय?"

कांबळेंनी कपाळाला हात लावला. "आक्का, खोटं बोला असं मी म्हणत न्हाय. विचारतील तेवढंच बोला. पाण्याचं तुम्ही होऊन काढू नका. तम्मण्णाचं तुरुंगातलं वरीस त्यावर हाय."

खटला दुसऱ्या साली उन्हाळ्यात उभा राहिला. त्याच उन्हाळ्यात दिल्लीच्या मोठ्या कोर्टाने आणखी एक सांगून टाकलं होतं: आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्या माणसाला सुटकेसाठी कोर्टाचं दारही ठोठावता येणार नाही. कांबळेंनी ते वर्तमानपत्र आमच्या कट्ट्यावर वाचून दाखवलं, घडी केली, आणि पिशवीत कोटाखाली सारलं. बोलायचं कुणापुढे, हा प्रश्न तेव्हा प्रत्येकाच्या पोटात होता.

कोर्टात ऊन मरणाचं. जयाबाईने मला पाण्याने भरून, तोंडावर फडकं बांधून पिशवीत घेतलं होतं. म्हणून पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं. कांबळेंच्या प्रश्नांना तिने नीट उत्तरं दिली. न विचारता आत आले. वॉरंट दाखवलं नाही. पंच आमच्या गल्लीतले नव्हते. पिंजऱ्यातला तम्मण्णा तिच्याकडे बघून मान हलवत होता, असंच, असंच.

मग सरकारी वकील उठले. पांढरे केस, आवाज एकदम मऊ. मऊ आवाजाच्या माणसावर मी तर कधीच विश्वास ठेवत नाही.

"बाई, माहेर निपाणीचं ना तुमचं?"

"व्हय."

"बरोबर आहे. निपाणीकडे दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायची पद्धत नाही, असं ऐकलं होतं. आज खात्री पटली."

पिशवीत मला तिच्या हाताची पकड कळली. कांबळे अर्धे उठले होते.

"कोण म्हणतंय?" जयाबाईचा आवाज सगळ्या कोर्टभर गेला. "आमच्या घरातनं तान्हेला कोण परत गेलाय? फौजदारास्नी पाय धुवायला दिलं, प्यायला दिलं, गुळाचा खडा दिला! बर्री कुंदर्री म्हटलं! त्ये हितंच हाईत न्हवं, ईचारा त्यास्नी! आणि ह्यो बघा त्यो तांब्या!"

असं म्हणून तिने मला पिशवीतून काढलं आणि कठड्यावर आपटून ठेवलं. पाणी बाहेर उडालं. कोर्टात हसू फुटलं. तम्मण्णा हसला नाही. त्याने डोळे मिटून घेतले. सरकारी वकिलांनी मान लववली, जणू तिने त्यांनाच पाणी दिलं होतं.

"साहेब," ते म्हणाले, "ही वस्तू दाखल करून घ्यावी."

तेव्हा तिच्या लक्षात आलं. मला धरलेला तिचा हात सुटेना. शिरस्तेदाराने एकेक बोट सोडवून मला घेतलं. त्या दिवशी माणसाच्या चेहऱ्यावरचं दुःख मला पहिल्यांदा वाकडं न दिसता दिसलं.

कांबळेंनी शेवटी जे भाषण केलं ते मी टेबलावरून ऐकलं. ते मोठ्याने बोलले नाहीत.

"साहेब, पाणी देणं म्हणजे घरात घेणं, असं सरकारी वकील म्हणतात. हे मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सांगायला मला पुस्तक लागत नाही. माझा आजा निपाणीहून डोक्यावर ओझी घेऊन याच बेळगावात यायचा. दारात उभा राहून पाणी मागायचा. पाणी मिळायचं. वरून ओंजळीत ओतायचे. पण उंबरा? उंबरा त्याला जन्मात कधी मिळाला नाही. पाणी आणि दार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, साहेब. हे माझ्या घराला जितकं नीट माहीत आहे तितकं या कोर्टात दुसऱ्या कुणाला माहीत नसेल. माझ्या आज्याला जे कधी पाण्याबरोबर मिळालं नाही, ते फौजदारांना एका तांब्यात कसं मिळालं?"

जयाबाईने पदर तोंडाला लावला. ती काय आठवत होती ते मला ठाऊक होतं. माझ्यातूनही कधी कधी पाणी असंच वरून एखाद्याच्या ओंजळीत ओतलं गेलं होतं. सासू होती तोवर. जयाबाईनेच ओतलं होतं, आणि त्यालाही ती "दिलं" असंच म्हणायची.

कोर्टाने ऐकून घेतलं. निकाल इंग्रजीत होता. कारकुनाने मराठीत सांगितला तो असा, की घरच्या बाईने स्वतः स्वागत केलं, पाणी आणि गूळ दिला, तो तांब्या तिने स्वतः हजर केला. सबब प्रवेश तिच्या संमतीने झाला, आणि झडतीत दोष दिसत नाही. तम्मण्णाला वर्षभराची सजा. हिंडलग्याच्या तुरुंगात नेताना तो जयाबाईच्या अगदी जवळून, तिच्याकडे न बघता गेला.

मला लाखेचा शिक्का बसला, गळ्यात चिठ्ठी आली आणि मुद्देमालाच्या खोलीत रवानगी झाली. तिथे सुरे होते, दारूचे डबे होते, एक चाक नसलेली सायकल होती. सगळे आपापल्या गुन्ह्याच्या गोष्टी सांगायचे. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, मी पाणी दिलं. त्यांना वाटलं मी काहीतरी लपवतोय. आत माझी कल्हई गेली, हिरवट डाग पडले. तहानेलं माणूस जवळून जायचं आणि मी कोरडा. एवढं वाईट मला आगीतही वाटलं नव्हतं.

आणीबाणी उठली. तम्मण्णा घरी आला. अपील वर गेलंच होतं. वरच्या कोर्टाने शिक्षा भोगली तेवढी पुरे म्हटलं, पण पाण्याचा मुद्दा जसा होता तसाच ठेवला. पाणी दिलं, म्हणजे आत घेतलं. माझी चिठ्ठी तोडून मला जयाबाईच्या हवाली केलं. तिने मला चिंचेने घासलं, कल्हईवाल्याकडे नेलं, पुन्हा भरलं. तम्मण्णा दोन साड्यांच्या मधे उठला की ती मला घेऊन पुढे व्हायची. तो बाजूने जाऊन घागरीतून फुलपात्राने स्वतः पाणी घ्यायचा. भांडण नाही, शब्द नाही. नुसतं तिच्या हातचं पाणी नाही. असं कितीतरी वर्षं चाललं. ती मला परत फळीवर ठेवायची आणि कांड्या भरायला बसायची. मला त्याचा राग येई. तिचा त्याहून जास्त येई. आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा.

निकाल मात्र घरात बसून राहिला नाही. पोलिसांनी तो पाठ केला. आता शिपाई दारात येऊन आधी तहानेने कासावीस व्हायचे. "आक्का, वाईच पाणी दे की." पाणी बाहेर आलं की पाय आत. कोर्टात एकच उत्तर, बाईंनी पाणी दिलं साहेब. पिरनवाडीत झालं, शहापुरात झालं. निपाणीला तंबाखूवाल्यांचं आंदोलन पेटलं तेव्हा तर बिड्या वळणाऱ्या बायकांच्या दारादारांत तहान लागायला लागली. बायका शहाण्या झाल्या. पाणी मागितलं की दार लावायला लागल्या. खरा तहानेला आणि खोटा तहानेला ओळखायचा कसा? दोघांचे ओठ सारखेच सुकलेले.

त्या आंदोलनाच्या दिवसांत पोलीस पुन्हा वडगावात आले. निपाणीची माणसं बेळगावात नातेवाइकांकडे लपलीत असा त्यांना संशय होता, आणि जयाबाईचं माहेर निपाणी. जीप गल्लीच्या तोंडाशी दिसताच तिने मला घागरीवर ठेवलं, घागरीसकट बाहेर कट्ट्यावर आणलं, आत जाऊन कडी घातली आणि खिडकीत उभी राहिली.

"आक्का, तान लागलीया," शिपाई म्हणाला.

"कट्ट्यावर घागर हाय, तांब्या हाय. पोटभर प्या."

"दार उघडा की."

"न्हाय." मग ती खिडकीच्या गजांना तोंड लावून ओरडली, "गल्लीतल्या समद्यांनी ऐका! म्या पाणी दिलंय. आत या म्हटलं न्हाय! ऐकलं का रं? आत या म्हटलं न्हाय!"

गल्लीत क्षणभर सगळे माग थांबले. मग भिंतीपलीकडून आवाज आला. भावकूचा.

"ऐकलं गं जयाक्का! न्हाय म्हटलंस, म्या ऐकलं!"

मागोमाग मालुबाईचा, मग पुढच्या घराचा, मग त्यापुढच्या. फौजदार नवा होता. त्याने इकडेतिकडे बघितलं. वॉरंटाचा कागद त्याच्याकडे नव्हता. शिपायाने मला उचलून खरंच पाणी घेतलं. त्याला खरंच तहान लागली होती, हे मी शपथेवर सांगतो. जीप गेली.

जयाबाई खिडकीतच बसली. तम्मण्णा मागावरून उठला, कडी काढून बाहेर आला, मला भरून आत तिच्यापुढे धरलं आणि म्हणाला, "पाणी दे."

तिने मला घेतलं आणि त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. निम्मं सांडलं. दोघांनाही त्याची पर्वा नव्हती. भावकूबद्दल मी त्या दिवशी थोडा विचारात पडलो. पण थोडाच.

त्या दिवसापासून मी बाहेर आहे. दोनदा कुणीतरी मला पळवायचा प्रयत्न केला, म्हणून तम्मण्णाने माझ्या गळ्यात साखळी घालून ती खिडकीच्या गजाला बांधली. गल्लीत आता दारोदार एक घागर आणि एक बांधलेला तांब्या आहे. माणसं येतात, पितात, जातात. गुळाचा खडा नाही, त्याला मुंग्या लागतात. "या, बसा" तर जयाबाईच्या तोंडून गेलंच. नागोजी आले तरी ती नुसतं दार उघडून बाजूला होते. नागोजी म्हातारे झालेत, त्यांच्या ध्यानात येत नाही.

परवा कांबळे वकील आले. आता त्यांच्याकडे स्कूटर आहे, पण कोट अजून पिशवीतच. निपाणीच्या बायकांच्या झडत्यांचे खटले त्यांनी घेतलेत. पाण्याचा मुद्दा पुन्हा वरच्या कोर्टात लढवायचा आहे आणि त्यासाठी जयाबाईची साक्ष हवी आहे. त्यांनी दार वाजवलं.

आतून न बघता आवाज आला, "पाणी बाहेर हाय. प्या आणि काम सांगा."

कांबळेंनी माझ्याकडे पाहिलं. साखळीकडे पाहिलं. मला उचललं, पण प्यायले नाहीत. साखळी ताठ झाली आणि मी त्यांच्या छातीपर्यंतच पोचलो. तसाच मला धरून ते म्हणाले, "जयाक्का, मी कांबळे."

आत चरखा थांबला. कडी निघाली. जयाबाई दारात आली आणि तिला जे दिसलं ते असं: उंबऱ्याबाहेर यल्लाप्पा कांबळे, हातात बांधलेला तांब्या, आणि मधे तिने स्वतः घातलेली, आत्ताच काढलेली कडी. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. ती बाजूला झाली. हाताने आत दाखवलं. कांबळे जागचे हलले नाहीत.

"आक्का, तुम्ही म्हणाल्याशिवाय मी आत येणार न्हाय."

ती तोंड उघडून उभी राहिली. इतकी वर्षं गिळलेला शब्द, तो काही लगेच येईना. कांबळे थांबले. उन्हात, डोक्याला काही नाही, घाई नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर एक सायकल भिंतीला टेकून उभी होती. कोणाची ते मला दिसलं नाही, पण संशय घ्यायला तेवढं पुरे.

"या," जयाबाई म्हणाली. आवाज फाटला. पुन्हा म्हणाली, मोठ्याने, भावकूलाही ऐकू जाईल असं, "या, आत या! मी म्हणतेय!"

कांबळेंनी मला हळूच घागरीवर ठेवलं, चपला काढल्या आणि आत गेले. दार लागलं. कडीही लागली. आत साक्षीचं बोलणं सुरू झालं, आणि जिंकू की हरू हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मी बाहेर. तुम्ही अजून उभेच? तहान लागली असेल तर घ्या, घागर भरलेली आहे, साखळी पुरेल तेवढं वाकून प्या. पाणी मी कुणालाही देईन. आत जायचं मला विचारू नका. ते तिला विचारा, आणि तिचं उत्तर येईपर्यंत बाहेरच उभे राहा.